डिलियाची मोहोर आणि रिठ्याचं पाणी

विजयालक्ष्मी हर्डीकर यांनी सांगलीच्या कॉलेजात उभी हयात अर्थशास्त्र शिकवलं. त्यातला सुवर्णमानाचा धडा त्या इतक्या तावातावाने शिकवत की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी राहत. अमेरिकेत लोक पगार म्हणून सोन्याची नाणी घरी नेत, मग तेहेतीस साली सरकारने ती परत मागवली आणि बहुतेक वितळवून टाकली, हे सगळं बाई स्वतः तिथे रांगेत उभ्या असल्यासारखं सांगत. एकदा एका आगाऊ मुलीने विचारलं की मॅडम, ते नाणं दिसायचं कसं? बाईंनी तिला प्रश्न परीक्षेच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा आहे असं सांगून खाली बसवलं. खरं कारण एवढंच की मॅडमनी ते कधी पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, डब्लिनमध्ये, आणि तेही स्वच्छतागृह शोधताना. यजमान गेल्यावर मुलगा आकाश त्यांना डब्लिनच्या विमानतळाजवळ स्वोर्ड्सला घेऊन आला होता. आकाश इथल्या सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवण्याची कला त्याने आपल्याकडूनच घेतली, असं बाई सांगत, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. सून कौमुदी सँडीफोर्डच्या एका ऑफिसात. घरी दिवसभर बाई आणि डोक्यावरून जाणारी विमानं. तर एका रविवारी शहरात फिरताना पावसाने गाठलं, त्या एका हॉटेलात शिरल्या, आणि जे दार ढकललं त्यामागे हवं ते नव्हतंच. तिथे होता नाण्यांचा बाजार. टेबलं, दिवे, भिंगं, आणि एका काचेखाली पाच डॉलरचं सोन्याचं नाणं. एका बाजूला मुकुट घातलेली लिबर्टी, म्हणजे त्यांची स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या बाजूला गरुड.

विक्रेत्याने ते हातात दिलं आणि बाईंनी थेट लिबर्टीच्या गालावर अंगठा दाबला. मागून कुणीतरी म्हणालं, "तिच्या तोंडावर बोट नको, मिसेस. कडेने धरा. तिला आवडत नाही."

हा नोएल. आयुष्यभर विमानतळावर बस चालवलेला, आता निवृत्त, अंगाने बाईंच्या दुप्पट आणि बोलायला निम्मा. तो स्वोर्ड्समध्येच, दोन रस्ते सोडून राहायचा. बाईंनी कोटासाठी ठेवलेल्या पैशात ते नाणं घेतलं, हिवाळा आकाशच्या जुन्या जॅकेटमध्ये काढला आणि शनिवारी सकाळी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या नोएलच्या मंडळात जाऊ लागल्या. मंडळात बाकी सगळे पुरुष, सगळे म्हातारे, आणि सगळ्यांना बाईंनी पहिल्याच महिन्यात सुवर्णमान समजावून सांगितला. कुणी मागितला नव्हता.

नवा मुसलमान वगैरे म्हणतात तसलं काही इथे म्हणायला नको, पण बाईंचा बाणा मात्र तसलाच कडवा झाला. नाणं कडेने धरायचं. सुती मोजे घालायचे. आणि सगळ्यात मोठा नियम, नाणं कधीही, कशानेही, पुसायचं नाही, धुवायचं नाही, चकाकवायचं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांत त्यावर जे चढलं तेच त्याचं खरं अंग. ते घासलं की सोनं उरतं, नाणं मरतं. एकदा कौमुदीने प्रेमाने ओढणीच्या टोकाने एक नाणं पुसलं, तर बाई तिच्यावर अशा कडाडल्या की ती बिचारी दोन दिवस त्या कपाटाकडे फिरकली नाही. वर बाईंनी तिला रासायनिक कारणंही ऐकवली. सोन्यात एक दशांश तांबं असतं, कौमुदी, तू सायन्सची ना?

आता नोएलच्या नाण्याबद्दल.

नोएलकडे इतर कितीही नाणी असली तरी मंडळात त्याची ओळख एकाच नाण्याने होती. दहा डॉलरचं, १९०१ सालचं. त्याच्या आजीची बहीण डिलिया पश्चिम आयर्लंडमधल्या मेयोतल्या खेड्यातून बॉस्टनला घरकामाला गेली, वीसेक वर्षं लोकांच्या चुली आणि जिने घासले, पै न् पै गावी पाठवली. घरावर छप्पर आलं ते तिच्या पैशाने, नोएलच्या आजीचं लग्न झालं तेही. परत आली ती एक पेटी आणि हे एक नाणं घेऊन. नाणं तिने चुलीशेजारच्या भिंतीत एका दगडामागे ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी घर पाडताना ते सापडलं. पीटच्या, म्हणजे तिकडे चुलीत जाळतात त्या दलदलीतल्या मातीच्या, धुराने काळवंडलेलं, गरुडाच्या पंखांत काजळी, लिबर्टीच्या केसांत काजळी. नोएलने ते तसंच गोल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलं होतं. डबी उघडली की अजून धुराचा वास यायचा.

नोएलच्या आईने या डिलियाचे दाखले देऊन पाच मुलं वाढवली. नवे बूट मागितले की आई म्हणे, डिलियाने स्वतःसाठी कधी रिबीनसुद्धा घेतली नाही. सिनेमाला जायचं म्हटलं की डिलिया कधी चर्चशिवाय कुठे गेली नाही. नोएलच्या थोरल्या बहिणीचं नावच डिलिया ठेवलेलं, त्यामुळे तिच्या वाट्याला हे दुप्पट आलं. ही बहीण आता डंडॉकला एकटी राहते.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी बाईंनी मंडळाला लक्ष्मीपूजन समजावून सांगितलं. स्वतःचा देवावर फारसा विश्वास नाही, हेही सांगितलं, आणि मग तासभर सांगितलं. घरातलं सगळं सोनं तबकात मांडतात, त्याला हळदकुंकू वाहतात. बाकीचे घड्याळाकडे बघत होते. नोएल ऐकत होता. निघताना त्याने खिशातून डबी काढली.

"हिला आयुष्यात कुणी पार्टीला बोलावलं नाही, मिसेस एच. तुमच्या सोन्यात बसू दे एक दिवस. मी पूजेच्या संध्याकाळी येईन, तेव्हा नेईन."

बाई म्हणाल्या की एवढी जोखीम नको. नोएल म्हणाला, मंडळात दुसऱ्या कुणाला दिली नसती. बाकीचे फडकं घेऊन बसले असते. तुम्ही नाही.

हे वाक्य बाईंनी घरी येऊन कौमुदीला दोनदा सांगितलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कौमुदी वरच्या खोलीत घरूनच काम करत होती. बाईंनी स्वयंपाकघरात रिठे भिजत घातले होते, साताऱ्याहून आलेले. गरम पाण्यात रिठ्याचा फेस, त्यात पाटल्या, बांगड्या, कौमुदीचा तन्मणी सोडून बाकी सगळं, शेजारी आकाशचा टाकून दिलेला मऊ ब्रश. हे बाई लग्नाआधीपासून दर दिवाळीला करत आलेल्या. आईने शिकवलेलं, त्यात डोकं लागत नाही. शेजारच्या ताटात नोएलचं नाणं होतं. प्लॅस्टिकच्या डबीला कुंकू कसं वाहणार, म्हणून बाईंनी ते मोजे घालून, कडेने धरून, श्वास रोखून बाहेर काढलं होतं. मग मोजे काढले, कारण मोजे घालून रिठे चोळता येत नाहीत.

तेवढ्यात पुण्याहून धाकट्या बहिणीचा, नीलिमाचा फोन आला. लक्ष्मीपूजन आज नाहीच, उद्या आहे, असं तिचं म्हणणं. अमावास्या तिकडे कधी लागते आणि इकडे कधी लागते, प्रदोषकाळ तिकडचा धरायचा की इकडचा, यावर दोघी भांडू लागल्या. देव न मानणाऱ्या विजयालक्ष्मीबाई तिथीसाठी अशा तुटून पडल्या की विचारता सोय नाही. फोन स्पीकरवर, तोंड नीलिमाशी आणि हात आपले रिठ्याच्या पाण्यात. बांगडी घासली, ठेवली. पाटली घासली, ठेवली. पुढचं उचललं, घासलं. अगं नीलू, सूर्यास्त इथला वेगळा, तुझ्या पेठेतला नाही चालणार मला. खाचाखोचांत ब्रश फिरवला. छान निघत होतं.

फोन ठेवल्यावर बाईंचं लक्ष भांड्यातल्या पाण्याकडे गेलं. पाणी काळं झालं होतं. आपल्या बांगड्या एवढ्या घाण कधी झाल्या, असं त्या मनात म्हणाल्या आणि मग त्यांना आपल्या हातात काय आहे ते दिसलं.

लिबर्टी लखलखत होती. केसाची बट न् बट मोकळी, गरुडाचं पीस न् पीस. बाईंनी नाणं नाकाशी नेलं. रिठ्याचा वास. मेयोची ती चूल, तो धूर, सगळं सिंकच्या जाळीतून खाली गेलेलं.

पहिली पाच मिनिटं त्या नुसत्या उभ्या राहिल्या. नंतर त्यांनी जे केलं ते कुठल्याही शिकलेल्या माणसाने करू नये असं होतं. त्यांना काजळ आठवलं. तुपाचं निरांजन लावायचं, वर तांब्याचं भांडं उपडं धरायचं, भांड्याला जी काजळी धरते ती काजळ. भांड्याच्या जागी नाणं धरलं तर? चिमट्यात नाणं पकडून त्या निरांजनावर वाकल्या. काजळी धरली, पण ती सोन्याच्या गुळगुळीत अंगावर राहीना; फुंकर मारली की उडे. म्हणून वात मोठी केली. मग तीन वाती केल्या.

धुराची घंटा अशी काही कोकलली की वरच्या मजल्यावरच्या मीटिंगमधल्या सगळ्यांनी ती ऐकली. कौमुदी धावत खाली आली. सासूबाई खुर्चीवर चढून पोळ्यांचं फडकं छताला मारत होत्या, कपाळाला काजळ, नाकाला काजळ, एका हातात चिमटा, चिमट्यात मोहोर.

"आई, काय करताय?"

"काळं करतेय," बाई म्हणाल्या. खोटं बोलायचं सुचलं नाही.

सगळं ऐकून झाल्यावर कौमुदीने आधी वाती विझवल्या. तिला हसू येत होतं, आणि ते दाबण्याइतकी ती सभ्य होती. मग तिने सासूबाईंच्याच आवाजात विचारलं, "सोन्यात एक दशांश तांबं असतं ना, आई?"

बाईंनी ते मुकाट्याने गिळलं. कौमुदीचं एवढं येणंच होतं.

काजळी पुसताना दोघींनी भिंग लावलं. आणि भिंगाखाली, लिबर्टीच्या मुकुटाच्या बरोबर वर, नाण्याच्या काठावर कौमुदीला एक जागा दिसली. तिथले कंगोरे पुसट होते आणि सोन्याचा रंग जरा फिका, जरा निस्तेज. एवढी वर्षं काजळीखाली झाकलेली जागा.

"हा डाग आहे," कौमुदी म्हणाली.

सोनार कडी जोडतो, तिथे जो सांधा राहतो त्याला दोघींच्या माहेरी डाग म्हणत. बाईंच्या आईच्या पुतळ्यांच्या माळेत प्रत्येक पुतळीच्या डोक्यावर असा डाग होता. यात शंका घ्यायला जागा नव्हती. या नाण्याला कधीतरी कडी होती. म्हणजे ते साखळीत अडकवलेलं होतं. म्हणजे ते कुणाच्या तरी गळ्यात होतं. बाईंनी नाणं उलटलं. गरुडाची छाती गुळगुळीत, पुढच्या लिबर्टीपेक्षा कितीतरी जास्त झिजलेली. घालणारीने चेहरा बाहेर ठेवला होता आणि मागची बाजू वर्षानुवर्षं कपड्यावर घासली होती.

बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली. कारण संग्राहकांच्या हिशेबात कडी लावलेलं नाणं आधीच गेलेलं असतं. त्या सुटल्या. धुतलं काय आणि न धुतलं काय, डिलियाबाईंनी ते शंभर वर्षांपूर्वीच बिघडवून ठेवलं होतं.

"मग हे सांगणार तुम्ही त्यांना?" कौमुदीने विचारलं.

सांगणार म्हणजे, पहिल्या वाक्यात सांगणार, बाई म्हणाल्या.

"तुम्ही सुटाव्यात म्हणून? का त्यांना कळावं म्हणून?"

सुनेने वर्गात प्रश्न विचारावा आणि तो परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा असावा, हे त्यांना नवीन होतं. सांगितलं तर त्या माणसाच्या आईने आयुष्यभर सांगितलेली डिलिया जाणार. न सांगितलं तर नोएलच्या नजरेत आपण फडकं घेऊन बसणाऱ्यांपैकीच, किंबहुना त्यांच्याहून वाईट, कारण निदान ते फडक्याने पुसतात, ब्रशने घासत नाहीत. त्या माणसावाचून इथे दुसरं कुणी नव्हतं. ही गोष्ट त्यांनी आकाशला कधी सांगितली नव्हती, पण शनिवार सोडला तर आठवड्यात बाईंशी कुणी बरोबरीने वाद घालत नसे.

संध्याकाळी नोएल आला. दाढी करून, टाय लावून, हातात बिस्किटांचा डबा. बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला, चकली दिली, आणि मग ठरवलेलं भाषण बाजूला राहिलं. त्यांनी नुसतं नाणं त्याच्या समोर ठेवलं.

इथली माणसं कशालाही ग्रँड म्हणतात. डोक्यावर छप्पर पडलं तरी म्हणतील, ग्रँड, आता हवा येते. बाईंना वाटत होतं, नोएलही तेच म्हणेल, आणि मग आपण रडू. तो तसं म्हणाला नाही. त्याने नाणं उचललं, वास घेतला, परत ठेवलं.

"धुतलंत."

"हो."

"तुम्हाला एकच काम दिलं होतं, मिसेस एच. काहीही न करण्याचं."

बाईंनी रिठ्याचं सांगितलं, नीलिमाचं, तिथीचं सांगितलं. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ते खरं वाटेना. नोएल म्हणाला की तो काही किमतीचा विचार करत नाही. त्याची आई त्या चुलीपुढे वाढली. तो वास तेवढा उरला होता, दुसरं काही उरलं नव्हतं. तो उठला. कोट घालू लागला. त्याचा एक हात बाहीत नीट जाईना, आणि बाईंना मदत करायला उठण्याचीही हिंमत होईना.

कौमुदी दारात उभी होती. तिने सासूबाईंकडे पाहिलं.

"नोएल," बाई म्हणाल्या, "मला आणखी एक सांगायचंय, आणि ते सांगून मला माफी नकोय. माफी नाही दिलीत तरी चालेल. न चालून काय करते. पण हे तुमच्या घरातलं आहे, ते माझ्याकडे राहू नये."

त्यांनी त्याला भिंग दिलं आणि डाग दाखवला. मग उलटं करून गरुडाची झिजलेली छाती दाखवली. आमच्याकडे बायका नाणी माळेत ओवतात, त्यामुळे हे मला कळतं, नाहीतर कळलं नसतं, असं म्हणाल्या. नोएल एक बाही घातलेल्या कोटात तसाच खाली बसला. भिंगातून तो इतका वेळ बघत राहिला की कौमुदीने गार झालेला चहा बदलला.

"म्हणजे तिने हे घातलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"पुष्कळ दिवस. आणि चेहरा लोकांना दिसेल असं."

"बॉस्टनमध्ये."

"गावी आल्यावर कडी काढून टाकली असेल. भिंतीत ठेवायच्या आधी."

नोएलने फोन काढला आणि बहिणीला लावला. स्पीकरवर लावला, कारण त्याला भिंग हातातून सोडायचं नव्हतं. डंडॉकच्या डिलियाला त्याने सगळं सांगितलं, बाईंच्या रिठ्यासकट.

मग बहिणीने विचारलं, "साखळी कशी असेल?"

नोएलने बाईंकडे पाहिलं. प्रत्येक गोष्टीवर उत्तर देणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. नाजूक नसावी. एवढं वजन पेलायचं तर भक्कम हवी."

"सोन्याची?"

"असेलच. सोन्याच्या नाण्याला दुसरी कुणी घालत नाही."

"आणि नाचायलाच जात असणार ती ते घालून," बहीण म्हणाली. "घरात जिने घासताना कोण घालतंय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "नोएल, मी साठीची होईपर्यंत कानातलं घेतलं नाही. तुला माहीत होतं?"

नोएलला माहीत नव्हतं.

"आईला माहीत होतं," बहीण म्हणाली. मग तिने नाक शिंकरलं आणि फर्मावलं की उद्या ती मोहोर घेऊन ये, मला बघायचीय, आणि धुतली ते बरं झालं, मला तो धूर कधीच आवडला नव्हता. त्या इंडियन बाईला सांग, माझ्याकडे चांदीचे चमचेही घासायचे आहेत. फोन बंद झाला.

नोएलने कोटाची बाही काढली. तो हसला असं म्हणता येणार नाही. फक्त एक चकली उचलली आणि मोडली. धुतल्याबद्दल माफ केलं की नाही, हे तो बोलला नाही. बाईंनी विचारलंही नाही. पण शनिवारी मंडळात यातलं अक्षर काढायचं नाही, असं त्याने बजावलं. त्याचा अर्थ शनिवारी दोघांनी जायचं होतं, एवढं बाईंना पुरलं.

आकाशला ड्यूटी होती, म्हणून पूजा तिघांचीच. कौमुदीने समई लावली. तबकात पाटल्या, बांगड्या, बाईंची चार नाणी त्यांच्या त्यांच्या डब्यांत, आणि सगळ्यांच्या पुढे डिलियाची मोहोर, उघडी. बाईंनी कुंकवात बोट बुडवलं आणि हात हवेत थांबवला. कुंकू म्हणजे हळद, चुना, वर आणखी काय काय. ते सोन्याच्या खाचेत बसलं की निघत नाही. एखाद्या कडव्या संग्राहकाने हे पाहिलं असतं तर त्याला बसायला खुर्ची लागली असती.

"काय झालं?" नोएलने विचारलं.

"हिलाही लावायचं का, ते विचारतेय."

"इतर बायकांना लावता?"

"लावतो."

"मग हिला का नाही?"

बाईंनी लिबर्टीच्या मुकुटाखाली, जेमतेम कपाळ होतं तिथे, कुंकू लावलं. जरा जास्तच लागलं, नाकावर ओघळलं. कौमुदीने आरती सुरू केली. नोएलला टाळ्यांचा ठेका काही केल्या सापडेना, पण तो वाजवत राहिला.